पाच माणसं, तीन रात्री, भंडारदरा: टेंट कुठे लावायचा आणि जेवायचं कुणाकडे

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कांदिवलीहून स्वतःच्या गाडीने निघायचंय, नाताळच्या सुट्टीत, तीन रात्रींसाठी. तुम्ही दोघं, १० वर्षांची मुलगी, साडेचार वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे कुरकुरतात. राहायचं टेंटमध्ये, जेवायचं शक्यतो त्या त्या गावचं. यादीत पवना, भंडारदरा, सांदण दरी, कळसूबाई आणि 'जमलं तर' हरिश्चंद्रगड. सुरुवात कुठून करू, असं विचारलंत.

यादी खोडण्यापासून करा. मी मुलुंडची, गेली अठरा वर्षं कुटुंबांना घेऊन सह्याद्रीत जाते. पोरंटोरं, आजीआजोबा, एकदा तर बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यात आलेली एक आईसुद्धा होती. ज्या सहली फसल्या त्या बहुतेक जागा चुकली म्हणून फसल्या नाहीत. अंधार पडला तेव्हा मंडळी अजून गाडीत होती आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, म्हणून फसल्या. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. म्हणजे १३ तासांची रात्र. डोंगराच्या कुशीत असाल तर ऊन साडेपाचलाच जातं. त्या १३ तासांत साडेचार वर्षांचा मुलगा कुठे असेल, काय खाऊन असेल आणि त्याच्या अंगात काय असेल, हे आधी ठरवायचं. बघायची ठिकाणं नंतर.

म्हणून माझं मत: तिन्ही रात्री एकच मुक्काम, भंडारदरा. रोज टेंट मोडून दुसरीकडे लावणं कॉलेजच्या पोरांना शोभतं. पाच माणसांचं सामान गुंडाळून गाडीत भरायला दोन तास लागतात आणि पुन्हा मांडायला दोन. सुट्टीचा दिवस त्यातच जातो.

पवना का नको? जागा वाईट नाही, जवळही आहे. पण नाताळ ते एकतीस डिसेंबर या काळात तिथल्या काठावर शेजारच्या कॅम्पचा स्पीकर तुमच्या टेंटमध्ये झोपायला येतो. तुमची मुलं कॉलेजात असती तर मी उलट सल्ला दिला असता. भंडारदऱ्यालाही शनिवार-रविवारी गर्दी असतेच, म्हणून सोमवार ते गुरुवार जमवा. एकतीस तारीख कुठेच नको.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सगळ्यात मोठी गोष्ट सासूबाईंचे गुडघे, आणि खरं सांगायचं तर गुडघे म्हणजे संडास. अर्ध्या कौटुंबिक सहली संडासावर मोडतात, पण लाजेने कुणी विचारत नाही. कॅम्पवाल्याला फोन केलात की पहिला प्रश्न 'कमोड आहे का, टेंटपासून किती पावलांवर, रात्री दिवा असतो का' हा विचारा. 'सगळी सोय आहे' हे उत्तर नव्हे, फोटो मागवा. दुसरं, टेंटमधून उठताना माणूस आधी गुडघ्यावर येतो, मग उभा राहतो. ज्यांना जमिनीवरून उठायला हाताचा आधार लागतो त्यांना पहाटे तीन वाजता हे जमणार नाही. सासूबाईंना एकदा घरी सतरंजीवर झोपवून बघा आणि त्यांनाच विचारा, मुलाला नाही. मुलगा 'आईला काही होत नाही' असंच म्हणतो. जमणार नसेल तर त्यांच्यासाठी जलाशयाजवळच्या एमटीडीसीच्या रिसॉर्टमध्ये किंवा शेंडी गावात एक खोली घ्या आणि तुम्ही जवळच टेंट लावा. रात्री धाकटा रडायला लागला तर त्यालाही ती खोली उपयोगी पडते. यात काही कमीपणा नाही. मी स्वतः आईला आणते तेव्हा हेच करते.

प्रवासाचं. कांदिवलीहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, न थांबता चार तास धरा. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झालाय, त्यात जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे आणि कसारा घाटाची वळणं पूर्ण टळतात. गाडी लागणारी मुलं असतील तर जाताना हाच रस्ता घ्या. इगतपुरीला उतरा, जुन्या नाशिक रस्त्याने घोटी गाठा आणि तिथून बारीमार्गे भंडारदरा. मात्र समृद्धीवर खाण्यासाठी थांबावं असं काही नाही. म्हणून नाश्ता त्यावर चढण्याआधी किंवा उतरल्यावर.

तुम्ही ठाण्यात मामलेदारची मिसळ खाऊन पुढे जायचं म्हणालात. ताई, त्या मिसळीबद्दल मला आदरच आहे, पण ती परतीच्या दिवशी, दोघांनीच, मुलांसाठी साधा पाव मागवून. सकाळी सात वाजता रिकाम्या पोटी तो लाल कट आणि पुढे दोन तास मागच्या सीटवर बसणं, यातून काय निघतं ते मी गाडी धुताना पाहिलंय. जाताना घरून गूळपोळी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या न्या. इगतपुरी-घोटीच्या टप्प्यात गरम पोहे नाहीतर वडा घ्या. वडा कढईतून समोर निघत असेल तरच, परातीत रचून ठेवलेला नको. घोटी हे भाताच्या पट्ट्यातलं बाजाराचं गाव. डिसेंबरात नवा इंद्रायणी आलेला असतो. पण तो येताना घ्या, जाताना डिकीत जागा लागते.

आता मुख्य मुद्दा, जेवण. 'लोकल जेवण' म्हणजे हायवेवरचा ढाबा असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. ढाब्यावर पनीर आणि तंदुरी रोटी मिळेल, ती कांदिवलीतही मिळते. अकोले तालुक्याच्या या डोंगराळ भागात, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत, खरं जेवण घरात होतं. तांदळाची किंवा नागलीची भाकरी (आपण नाचणी म्हणतो, तिथे नागली), पिठलं, खुरासणीची चटणी म्हणजे आपले कारळे, हुलग्याची शेंगोळी, गावरान कोंबडीचा रस्सा. नशीब असेल तर काळभाताचा भात. काळपट सालीचा हा जुना वासाचा तांदूळ आता थोडकीच घरं लावतात. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असली गावरान वाणं घरात जपली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या मुलीला हे आधी सांगून ठेवा, मग ती भाताकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल.

सासूबाई मार्गशीर्षातले गुरुवार करतात असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे सामिष-निरामिष एकत्र कसं निभावेल ही काळजी. त्यावर उत्तर मासवडी. नाव माशाचं, आत मासा नाही. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापतात, त्यावर तीळ-सुकं खोबरं-कांदा-लसणाचं सारण पसरून वळतात आणि तिरक्या वड्या कापतात. सोबत रस्सा. सगळ्यांचं एकच जेवण होतं. तेवढ्या वारी कांदा-लसूण चालत नसेल तर सारण तसं करायला आदल्या दिवशी सांगावं लागतं.

आदल्या दिवशी. हा शब्द लक्षात ठेवा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. रतनवाडीकडे आम्ही ११ जण दुपारी दोन वाजता एका ओळखीच्या घरी धडकलो, न कळवता. मावशींनी 'या' म्हटलं, दुसरं काही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आम्ही ओट्यावर पाय पसरून बसलो. मी पाणी प्यायला आत गेले तर त्या परातीत पीठ काढत होत्या आणि डबा तिरका करून तळाचं पीठ हाताने खरवडत होत्या. शेजारची पोरगी मागच्या दाराने वाटीभर डाळ घेऊन आली. चुलीजवळ त्यांच्या घरची दुपारची भाकरी फडक्यात बांधून ठेवलेली होती, शेतावर गेलेल्या माणसांची. तीही आमच्या ताटात आली. मी आजही ते ताट विसरलेले नाही. घर म्हणजे हॉटेल नव्हे, तिथे फ्रिजमध्ये मळलेली कणीक आपली वाट बघत नसते. पीठ गिरणीतून आणावं लागतं, कोंबडी कुणाकडून घ्यायची ते ठरवावं लागतं, पाणी भरून ठेवावं लागतं.

तेव्हापासूनचा माझा नियम: आदल्या संध्याकाळपर्यंत माणसं किती, त्यात मुलं किती, वेळ कोणती, तिखट किती हे कळवायचं. पैसे आधी ठरवायचे आणि जेवल्यावर बाईंच्या हातात द्यायचे. 'काय द्यायचं ते द्या' असं म्हणाल्या तरी आपणच आकडा विचारायचा, आणि घासाघीस नको. घर कसं शोधायचं? कॅम्पवाला किंवा खोलीवाला गावातलाच असेल तर त्यालाच विचारा. त्याच्याच घरी जेवण होत असेल तर उत्तम. तो पुण्या-मुंबईहून कॅम्प चालवत असेल तर गावातल्या किराणा दुकानात विचारा. दुकानदाराला प्रत्येक चूल ठाऊक असते.

पोट बिघडेल का, हा तुमचा प्रश्न. माझ्या अनुभवात पोट अन्नाने कमी आणि पाण्याने जास्त बिघडतं. चुलीवरून थेट ताटात आलेली भाकरी आणि उकळता रस्सा यांच्याइतकं सुरक्षित दुसरं काही नाही. धोका असतो तो ताकात घातलेल्या पाण्यात, धुतलेल्या कांदा-कोथिंबिरीत आणि ओल्या ताटात. मुलांना ताक नको, तुम्हाला आवडत असेल तर तुम्ही प्या. गाडीत २० लिटरचा पाण्याचा जार ठेवा, दूध समोर उकळून घ्या, ओआरएसची पाकिटं बरोबर असू द्या. तिखटाचं म्हणाल तर मुलांचं वरण फोडणीआधी बाजूला काढायला सांगा. 'कमी तिखट करा' म्हटलं की तिथे दोन मिरच्या कमी पडतात, पण बाकीच्या आठ असतातच.

आता टेंट. माझ्या मुलीला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी हौसेने टेंट अगदी पाण्याच्या कडेला लावला. फोटो सुंदर आले. पहाटे तीनला ती कुडकुडत उठली, आतलं कापड ओलं, उशी ओली, आणि आम्ही दोघी उरलेली रात्र गाडीत बसलो. कारण साधं आहे. स्वच्छ रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि पाण्याकाठच्या खोलगट जागेत साचते. दंव तिथेच जास्त पडतं. शिवाय आत झोपलेल्या चौघांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर धरते. भंडारदरा साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, डिसेंबरात पहाटेचा पारा एक आकडी होऊ शकतो. म्हणून काठापासून थोडं वर, सपाटीवर लावा. दार पूर्वेकडे करा, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन आत येतं. वरची जाळी आणि आउटरची, म्हणजे टेंटच्या बाहेरच्या कापडाची, खिडकी थंडी वाजते म्हणून बंद करायची नाही, ओल तिथूनच जाते. काठ टाळायचं आणखी एक कारण: भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं ते शेतीच्या पाण्यासाठी. शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटतात तसं जलाशयाचं पाणी उतरतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, मोठ्यांनीही पोहायचा मोह टाळा.

लोक पांघरुणं भरपूर आणतात आणि खाली एक चादर टाकतात. उलट करा. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली दाबला जातो त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब त्या हवेचीच असते. म्हणून खाली फोमची मॅट, त्यावर घरची जाड सतरंजी किंवा गोधडी, मग बॅग. धाकट्याला तुमच्या दोघांच्या मध्ये घ्या. आणि 'चार माणसांचा टेंट' म्हणजे खांद्याला खांदा लावून चार, सामान बाहेर. चौघांसाठी सहाचा मागा.

टेंटमध्ये शेगडी, कोळशाची घमेली, गॅस, काहीही पेटवायचं नाही, अगदी पाच मिनिटं ऊब यायलासुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. बाहेरची शेकोटीही कॅम्पवाल्याने लावलेली असेल तर ठीक. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत आपण होऊन काही पेटवू नये. खाऊ टेंटमध्ये नको, गाडीत. तुम्ही बिबट्याचं विचारलंत, पण मला अठरा वर्षांत भेटली ती गावातली कुत्री. एका रात्रीत दोन ब्रेडचे पुडे आणि कुणाची तरी डावी चप्पल गेली होती.

चपला-बूट आत घ्या हे त्यासाठीही, आणि विंचवासाठीही. थंडीत विंचू कमी फिरतात, त्यांचा जोर उन्हाळ्यात, तरी सकाळी बूट झटकूनच घालायचे. लाल विंचवाच्या विषाचा भार हृदयावर येतो आणि तो लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त घातक. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं हे दाखवलं आणि कोकणातली कित्येक मुलं वाचली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याला औषध द्यायचं नाही, ओळखायचं आहे: दंशानंतर मूल घामाने डबडबलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर कांदा चोळत बसू नका. गाडी काढा आणि राजूरचं ग्रामीण रुग्णालय गाठा, वाटेत १०८ ला फोन करा. रुग्णालयाचा रस्ता पहिल्याच दिवशी उजेडी बघून ठेवा. मोबाइलला रेंज सगळीकडे नाही.

तर तुमचे दिवस मी असे लावीन. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघून अकरापर्यंत पोचा. दुपारी टेंट लावा, मुलांना खुंट्या ठोकायला द्या. बाकी काही नाही. जेवण मुक्कामी, सात वाजता, साडेसात नाही. दुसऱ्या दिवशी गाडीने जलाशयाला वळसा घालून वीसेक किलोमीटरवर रतनवाडी. तिथलं अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आणि पुष्करणी सासूबाईंना निवांत बघता येतील, आणि दुपारचं घरगुती जेवण त्याच गावात आधी सांगून ठेवा. तिसऱ्या दिवशी कुटुंबाची फाळणी करा. मुलगी आणि बाबा पहाटे बारीहून कळसूबाईला. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, वाटेत लोखंडी शिड्या आहेत, १० वर्षांची चालणारी मुलगी सहज जाते. तुम्ही, आजी आणि धाकटा उन्हात बसा. चौथ्या दिवशी नाश्ता करून परत, या वेळी जुन्या रस्त्याने, घोटीत तांदूळ घेऊन.

सांदण दरी या खेपेला नको. मोठ्या खडकांवरून चढउतार आहे, थंडीतही मध्ये पाणी असतं, साडेचार वर्षांच्या मुलाला सगळीकडे उचलावं लागेल. हरिश्चंद्रगड तर मुळीच नको. धबधबे म्हणून रंधा यादीत घालू नका, डिसेंबरात तिथे पाणी सोडलेलं असेल तरच काही दिसतं.

राहिली ती लांबलचक संध्याकाळ. मुलांना मोबाइल न देता सहा ते नऊ कसे काढायचे? कालनिर्णय बघून शक्यतो अमावस्येच्या आसपासचे दिवस घ्या. अंधार पडला की पूर्वेला आधी कृत्तिकांचा पुंजका, मग रोहिणी, आणि थोड्या वेळाने मृग वर येतो. मृगातले तीन तारे मुलीला एकदा दाखवलेत की ती घरी गच्चीवरूनही शोधेल. सतरंजी टेंटबाहेर टाका, सगळ्यांना कानटोप्या घाला आणि आजींना बोलू द्या. माझ्या सहलींत सगळ्यात रंगलेल्या संध्याकाळी आज्यांनीच रंगवल्यात, आणि त्यासाठी मी कधी काही केलेलं नाही.

आणि शेवटचं तुम्ही विचारलंत की धाकटा पिठलं-भाकरीला तोंडच लावणार नाही, मग काय. बरोबर तुपाची छोटी बाटली आणि गूळ घ्या. त्याला चुलीजवळ बसू द्या, भाकरी फुगताना बघू द्या. तव्यावरून उतरलेली भाकरी बाई हातावर देतात तेव्हा पापुद्रा उचलून आत तूप-गूळ घाला आणि गुंडाळी करून त्याच्या हातात द्या. ताटात बसवून भरवायला जाऊ नका. नाहीच खाल्लं तर दूध-भात आहे. तोही नको म्हणाला तर गाडीत खाकरे ठेवा आणि दुपारपर्यंत त्यांचं नाव काढू नका.